हिंगुळापासून द्रवस्फटिकांपर्यंत : नाशिक रोडच्या शाईची गोष्ट

(दीर्घ धागा)

१८५४ साली कलकत्त्यात सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन हेन्री थुइलियर यांच्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. साऱ्या हिंदुस्थानात चालेल असे टपाल तिकीट देशातच छापण्याची कामगिरी त्यांच्याकडे होती. पद्धत शिळाछापाची. अर्ध्या आण्याचे तिकीट हिंगुळी रंगात छापण्यास आरंभ झाला. पण विलायतेहून आलेला हिंगूळ संपला, आणि त्याच्या जागी देशी हिंगूळ घातलेली शाई वापरताच दगडावरचे चित्रच बिघडू लागले. अखेर लाल रंगाचा नाद सोडावा लागला. नवे चित्र तयार झाले आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर चालू झालेले अर्ध्या आण्याचे तिकीट निळे निघाले. त्या फसलेल्या लाल तिकिटाला संग्राहक आजही ‘साडेनऊ कमानी’ या नावाने ओळखतात.

साम्राज्याकडे सैन्य होते, तारायंत्र येत होते, आगगाडी धावू लागून एक वर्ष झाले होते. अडले ते तेलात कालवलेल्या लाल भुकटीपाशी.

टपाल तिकिटांच्या इतिहासात राजा कोणता, किंमत किती, चित्र कुणाचे, याची चर्चा भरपूर होते. शाईचा उल्लेख रंगापुरता येतो. वस्तुतः तिकीट किंवा नोट छापणाऱ्याची सर्वांत जुनी डोकेदुखी रंगाची नसून वाहण्याची आहे. शाई केव्हा वाहावी, केव्हा थांबावी, आणि थांबल्यावर किती घट्ट उभी राहावी, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात छापखान्यांची पावणेदोनशे वर्षे गेली आहेत. महाराष्ट्रात हा इतिहास पाहायचा तर नाशिक रोडला जावे लागते.

त्याआधी शाई म्हणजे काय, ते पाहू.

रंगीत पाणी म्हणजे शाई नव्हे. पाण्यात वा तेलात न विरघळता तरंगत राहिलेले घन कण म्हणजे छापखान्याची शाई. मराठी पोथ्यांची काळी शाई हेच तत्त्व सांगते : दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी. काजळी पाण्यात विरघळत नाही. नुसती घातली तर तिचे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि शाई फाटते. डिंकाचे लांबलचक रेणू प्रत्येक कणाभोवती लपेटले जातात आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. शाई खलण्याचे काम तासन्‌तास चाले ते यासाठीच. नाशिकजवळच्या टाकळीला ज्यांनी तपश्चर्या केली असे परंपरा सांगते, त्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. अक्षर नीट यावे म्हणून साधनांची निगुती किती हवी, हे त्या काळच्या लेखनिकाला पुरते ठाऊक होते. कारण मात्र ठाऊक नव्हते, आणि ते पुढची अडीचशे वर्षे युरोपातही कुणाला नीट सांगता आले नाही.

हिंगुळाचीच गोष्ट घ्या. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. ते पाण्याच्या आठपट जड असते. काजळी दुपटीपेक्षाही हलकी. जवसाच्या तेलात काजळीचा कण दीर्घकाळ तरंगेल, हिंगुळाचा कण तळाकडे धाव घेईल. शिवाय दळण्याची पद्धत बदलली, कण जरासे खरखरीत राहिले, की तीच शाई दगडावर वेगळी वागते. एकाच नावाच्या दोन भुकट्या म्हणजे एकच शाई नव्हे, हा धडा कलकत्त्याने पहिल्याच तिकिटाला शिकला. त्यानंतर लवकरच हिंदुस्थानच्या तिकिटांचे काम लंडनच्या डी ला रू कंपनीकडे गेले आणि सुमारे सत्तर वर्षे तिथेच राहिले.

द्रवात घन कण मिसळले तर त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, किती वाढतो? या प्रश्नाचे पहिले गणिती उत्तर देणारा माणूस शाईवाला नव्हता. १९०५ साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी झुरिच विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात हा हिशेब आहे. त्यांना मोजायचा होता रेणूंचा आकार. साखरेचे रेणू पाण्यात टाकलेल्या सूक्ष्म गोळ्यांसारखे मानले तर पाणी किती ‘जड’ वाहू लागेल, असा तो विचार होता. प्रबंध १९०६ साली नियतकालिकात छापून आला, पण त्यात एक चूक होती. पॅरिसमध्ये जाँ पेरँ यांच्या प्रयोगशाळेत बांसलाँ यांनी प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा आकडे जुळेनात. आइन्स्टाइन यांनी आपले विद्यार्थी लुडविग होप्फ यांना गणित पुन्हा तपासायला सांगितले, तेव्हा चूक सापडली आणि १९११ साली दुरुस्ती प्रसिद्ध झाली. दुरुस्त सूत्र सोपे आहे : द्रवात कणांचे घनफळ एक टक्का असेल तर श्यानता अडीच टक्क्यांनी वाढते.

यात एक गंमत आहे. पॅरिसच्या प्रयोगांतले कण गॅम्बोज नावाच्या पिवळ्या राळेचे होते, आणि गॅम्बोज हा चित्रकारांचा जुना रंग. ज्या झाडापासून तो मिळतो ते आपल्या कोकमाच्याच प्रजातीतले. म्हणजे आइन्स्टाइनचे सूत्र सुधारले गेले ते एका रंगाच्या वडीमुळे.

पण हे सूत्र छापखान्याच्या कामाचे नव्हते. ते विरळ मिश्रणाचे आहे. कण एकमेकांपासून इतके दूर, की एकाला दुसऱ्याची चाहूल लागत नाही. छपाईच्या शाईत कणांची इतकी दाटी असते की प्रत्येक कण शेजाऱ्याला धक्का देत असतो. असे दाट मिश्रण नुसते ‘जास्त घट्ट पाणी’ होत नाही. त्याला घन पदार्थाचे काही गुण येतात. श्रीखंड चमच्यावर शीग करून उभे राहते, आणि चमच्याने दाबले तर पसरते. मध पातेल्यात कितीही हळू असो, वाहतच राहतो. श्रीखंड काही किमान जोर लावल्याशिवाय हलतच नाही. १९१९ साली अमेरिकेत यूजीन बिंगहॅम आणि हेन्री ग्रीन यांनी तैलरंगाबद्दल नेमके हेच मांडले, की रंग हा केवळ घट्ट द्रव नसून तो आधी अडतो आणि मग वाहतो. या अभ्यासाला ‘रिओलॉजी’ असे नाव मिळाले आणि १९२९ साली त्याची स्वतंत्र संस्था अमेरिकेत स्थापन झाली.

आता नाशिक रोड. १९२०च्या दशकाच्या मध्यावर, मुंबईहून येणाऱ्या लोहमार्गालगत सरकारी सुरक्षा छापखाना उभा राहिला आणि १९२६ पासून तिथली तिकिटे चलनात आली. पाचव्या जॉर्जचा चेहरा तोच, फक्त छपाई आता लंडनची नव्हती. १९२८ पासून नोटांची छपाई सुरू झाली आणि १९३२पर्यंत देशातल्या सर्व किमतींच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. १९२९ची हवाई टपालाची तिकिटे आणि १९३१ची नवी दिल्लीच्या उद्घाटनाची चित्रमय तिकिटे ही याच छापखान्याची सुरुवातीची ओळख.

या तिकिटांकडे शाईच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. १९२६ची तिकिटे उठावाच्या छपाईची, म्हणजे ज्या पद्धतीने शिशाचे खिळे छापतात त्या जातीची. १९२९ आणि १९३१ची लिथोग्राफीची, म्हणजे थुइलियर यांच्या शिळाछापाच्या सुधारलेल्या वंशातली. दोन्हींना वेगवेगळी शाई लागते. उठावाच्या छपाईत शाई ठशाच्या वरच्या पृष्ठावर बसते. ती फार पातळ असेल तर दाबाखाली कडेने बाहेर येते आणि अक्षराला मिशा फुटतात. लिथोग्राफीत चित्र आणि कोरी जागा एकाच पातळीवर असतात. कोऱ्या जागेवर पाणी, चित्रावर तेलकट शाई. इथे शाई चिवट लागते, पाण्यात न मिसळणारी आणि पातळ थरातही गडद दिसणारी. त्यात कणांचे प्रमाण वाढवावे तर शाई ओढ घेऊन कागदाचे तंतू उपटते, कमी करावे तर रंग फिका पडतो.

भरीस भर हवेची. तेलाची श्यानता तापमानाबरोबर झपाट्याने बदलते. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि जानेवारीत निफाडला पाच अंशांच्या आसपास उतरतो, तिथे एकाच डब्यातील शाई दोन ऋतूंत दोन स्वभावांची होते. लंडनमध्ये बसून ठरवलेला शाईचा पाठ नाशिकला जसाच्या तसा चालणे शक्य नव्हते.

स्वातंत्र्य मिळाल्यावर हा तांत्रिक प्रश्न राष्ट्रीय प्रश्न झाला. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, तिरंगा आणि ‘जय हिंद’ असलेले साडेतीन आण्यांचे, नाशिकचेच. मात्र त्यानंतरचा प्रसंग काहीसा बोचणारा आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, महात्मा गांधींची चार तिकिटे निघाली : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. त्यांवर देवनागरी आणि उर्दू लिपीत ‘बापू’ असे लिहिले होते. ही तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये, कूर्व्हाज्ये या छापखान्यात छापली गेली. ज्या माणसाने हाताने सूत काततच स्वदेशी शिकवले, त्याचे तिकीट परदेशी छापून आणावे लागले.

याचे कारण अनास्था नव्हते. छायाचित्रातल्या चेहऱ्याच्या छटा जशाच्या तशा उतरवायच्या तर फोटोग्राव्ह्यूर ही पद्धत लागते, आणि तिची सोय तेव्हा नाशिकला नव्हती. फोटोग्राव्ह्यूरमध्ये तांब्याच्या रुळावर हजारो बारीक खळगे असतात. जिथे सावली गडद तिथे खळगा खोल, जिथे उजेड तिथे उथळ. रूळ शाईत बुडून वर येतो, पोलादी पाते वरची शाई खरवडून काढते आणि खळग्यांतली शाई कागद शोषून घेतो. ही शाई जवळपास पाण्यासारखी पातळ, झटकन उडून जाणाऱ्या द्रावणातली असावी लागते. लिथोग्राफीची चिवट शाई त्या खळग्यांत शिरणारच नाही, आणि शिरली तर बाहेर येणार नाही. म्हणजे नवे यंत्र आणून भागत नाही. शाईचे सारे गणित उलटे करावे लागते. कण अतिशय बारीक, कारण खळगाच सूक्ष्म. द्रव पातळ, तरी कण तळाशी बसता कामा नयेत. हिंगुळाची जुनी अडचण इथे नव्या रूपात पुन्हा भेटते.

नाशिकने हे चार वर्षांत साधले. १ ऑक्टोबर १९५२ रोजी संत-कवींची सहा तिकिटे निघाली : कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ. नाशिक रोडला फोटोग्राव्ह्यूरने छापलेली ही पहिली तिकिटे. पहिल्या अखिल भारतीय तिकिटाला त्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, अठ्ठ्याण्णव वर्षे पूर्ण होत होती. आज ही तिकिटे संग्राहकांच्या बाजारात फार महाग नाहीत. भिंगाखाली धरली तर छटांचे बारीक ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांत देशी तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा एक टप्पा आहे, हे तिकिटांच्या यादीत कुणी लिहीत नाही.

तिकिटाचा प्रश्न डोळ्यांचा होता. नोटेचा प्रश्न बोटांचा आहे.

नोटेवर अंगठा फिरवला तर काही भाग उंच लागतो. ही इंटाग्लिओ छपाई. यात कोरलेल्या पत्र्याच्या खोल रेषांत लगदावजा शाई भरतात, वरचा पत्रा पुसून स्वच्छ करतात आणि कागदावर प्रचंड दाब देतात. कागद त्या रेषांत शिरतो आणि शाई उचलून घेतो. १९९६च्या महात्मा गांधी मालिकेपासून अशा उंच छपाईत अंधांसाठी खुणाही आल्या : शंभराच्या नोटेवर त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. नोट खरी की खोटी एवढाच हा मामला नाही. ज्याला डोळ्यांनी शंभर आणि पाचशे वेगळे करता येत नाहीत, त्याच्या बोटाखाली त्रिकोणाचे तीन कोन शाबूत राहिले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०२० मध्ये अंधांसाठी ‘मनी’ हे मोबाइल अ‍ॅप काढावे लागले, यावरून हा प्रश्न अजून सुटलेला नाही हे उघड आहे.

आता त्या त्रिकोणाकडून शाईकडे पाहू. रेषेत भरताना शाई सहज वाहिली पाहिजे. पुसताना वरची शाई निघाली पाहिजे, रेषेतली नाही. दाबाखाली कागदाला धरून संपूर्ण बाहेर आली पाहिजे. आणि बाहेर येताच, वाळण्याच्या आधी, जिथे आहे तिथे उभी राहिली पाहिजे. क्षणभर जरी पसरली तरी त्रिकोणाचा गोळा होतो. एका सेकंदाच्या आत एकाच पदार्थाने द्रवाचे आणि घनाचे काम करायचे, अशी ही अपेक्षा. ती पुरी होते फक्त कणांमुळे. शाईत रंगकणांबरोबर खडूसारख्या पांढऱ्या भुकटीचे कणही ठासून भरलेले असतात. शांत असताना ते एकमेकांना धरून एक नाजूक सांगाडा उभारतात. जोर लागला की सांगाडा मोडतो. जोर थांबला की पुन्हा जुळतो.

हा मोडण्या-जुळण्याचा खेळ बर्लिनमध्ये १९२०च्या दशकात हर्बर्ट फ्रॉइंडलिश यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला. लोहभस्माचा घट्ट गोळा नुसता हलवला की पातळ होतो आणि ठेवून दिला की पुन्हा घट्ट, असे तिथे दिसले. गुणधर्माला ‘थिक्सोट्रॉपी’ हे नाव पडले. फ्रॉइंडलिश ज्यू वंशाचे. १९३३ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली. लंडनमार्गे ते अमेरिकेत गेले आणि १९४१ साली तिथेच वारले.

छपाईच्या शाईसाठी नेमके सूत्र आले ते १९५९ साली. एन. कॅसन यांचा लेख छपाईच्या शाईसारख्या, तेलात रंगकण असलेल्या मिश्रणांवरच होता. त्यांनी मानले, की कण एकमेकांना चिकटून काड्यांसारखे लांबट पुंजके करतात आणि प्रवाहाचा जोर वाढेल तशा या काड्या तुटत जातात. हे सूत्र शाईपुरते राहिले नाही. ते माणसाच्या रक्तप्रवाहाला लागू पडले, कारण रक्तातही तांबड्या पेशींच्या चळती होतात आणि मोडतात. चॉकलेटच्या कारखानदारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तर १९७३ साली ते पातळ चॉकलेट मोजण्याचे प्रमाण म्हणून स्वीकारले.

कॅसन यांच्या त्या काड्या इथे महत्त्वाच्या. गोल कण वाहताना गिरक्या घेतात, कोणत्याच दिशेला तोंड करीत नाहीत. काड्या मात्र प्रवाहाबरोबर एका दिशेने लागतात, ओढ्याच्या पाण्यात लव्हाळी झुकावीत तशा. काड्यांची दाटी पुरेशी झाली तर प्रवाह थांबल्यावरही त्या एकाच दिशेने राहतात. फ्रॉइंडलिश यांच्याच संस्थेतील हान्स झोखर यांनी १९२५ साली व्हॅनेडियम ऑक्साइडच्या काडीसारख्या कणांत हे पाहिले. असा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याला स्फटिकासारखी दिशा असते. त्याचे नाव द्रवस्फटिक.

द्रवस्फटिकांचा जन्म त्याही आधीचा. १८८८ साली प्रागमधील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनिट्झर यांना कोलेस्टेरॉलचे एक संयुग दोनदा वितळताना दिसले : १४५.५ अंशांना ते गढूळ द्रव झाले आणि १७८.५ अंशांना स्वच्छ. जर्मनीतले ओटो लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या गढूळ द्रवात स्फटिकाची लक्षणे पाहिली. वाहणारा स्फटिक ही कल्पनाच त्या काळी अनेकांना थट्टेची वाटली.

अशा द्रवाची श्यानता एका आकड्यात सांगता येत नाही. क्राकोचे मारियन म्येन्सोव्हिच यांनी दाखवले, की रेणू प्रवाहाच्या दिशेने असले तर श्यानता एक, आडवे असले तर दुसरी, आणि तिसऱ्या दिशेने असले तर तिसरी. त्यांचा लेख १९४६ साली ‘नेचर’मध्ये आला. १९५८ साली इंग्लंडचे चार्ल्स फ्रँक यांनी दुसरी बाजू मांडली : रेणूंची दिशा फाकवली, पिळली किंवा वाकवली तर द्रवस्फटिक स्प्रिंगसारखा विरोध करतो. वाहतो तो द्रव, पण दिशेपुरती त्याला स्थितिस्थापकता आहे.

मग अशा द्रवात कण टाकले तर?

साध्या तेलात टाकलेला कण तेलाला फक्त अडथळा करतो. द्रवस्फटिकात टाकलेला कण तंटा उभा करतो. कणाच्या पृष्ठावर रेणूंना एका विशिष्ट कोनात टेकायचे असते, आणि दूरवरच्या रेणूंना आपली सामाईक दिशा सोडायची नसते. दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत. कणाजवळ कुठेतरी दिशेची गाठ बसते. त्या गाठीचा ताण दूरपर्यंत पोहोचतो आणि शेजारच्या कणाला खेचतो किंवा लोटतो. १९७० साली फ्रान्समध्ये फ्रान्स्वाज ब्रोशार आणि प्येर-जिल द जेन यांनी सूक्ष्म चुंबकीय कण द्रवस्फटिकात घातले तर दुबळ्या चुंबकानेही सारा द्रव वळवता येईल, असे गणिताने मांडले. १९९६ साली श्रीराम रामस्वामी, राजाराम नित्यानंद, व्ही. ए. रघुनाथन आणि जाक प्रोस्त यांनी दोन कणांमधील हे बल अंतराबरोबर कसे बदलते ते दाखवले. यांतले नित्यानंद पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे प्रमुख झाले. १९९७ साली पूलँ आणि सहकाऱ्यांनी पाण्याचे थेंब द्रवस्फटिकात एकमेकांना न भिडता साखळी धरून उभे असलेले प्रत्यक्ष दाखवले.

सर्वांत धक्कादायक निकाल २०११चा. कणांचे प्रमाण घनफळाच्या सुमारे २० टक्क्यांवर गेले की प्रत्येक कणाभोवतीच्या गाठी एकमेकींत गुंतून सलग जाळे होते, आणि वाहणारा द्रव मऊ घन पदार्थ होतो. त्याची स्थितिस्थापकता दहा हजार पास्कलपर्यंत मोजली गेली. आइन्स्टाइनच्या सूत्राने वीस टक्के कणांनी द्रव दीडपट घट्ट व्हायचा. प्रत्यक्ष दाटीमुळे थोडा अधिक. इथे तो वाहणेच सोडतो. कण एकमेकांना शिवलेले नसतात. त्यांना बांधून ठेवतो तो मधल्या द्रवाचा ताण. शाईच्या सांगाड्यात कण कणाला धरतो, इथे द्रव कणाला धरतो. फरक एवढाच, पण तो मुळाशी आहे.

भारतात या शास्त्राचा पाया घालणारे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९५१ साली एम.एस्सी. केली ती नागपूर विद्यापीठातून. पुढे बंगळूरला रामन संशोधन संस्थेत १९७७ साली त्यांनी, सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांसह, चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. तोवर द्रवस्फटिक म्हणजे काड्या, असेच जग मानत होते. विदर्भातल्या विद्यार्थ्यांना हे नाव क्वचितच सांगितले जाते.

शाईकडे परत यायला आता एकच पाऊल उरते. राइनिट्झरच्या पदार्थाच्या जातीत रेणूंचे थर जिन्यासारखे पिळत जातात, आणि त्या पिळाच्या लांबीनुसार ठरावीक रंगाचा प्रकाश परत येतो. नजरेचा कोन बदलला की रंग बदलतो : हिरव्याचा निळा. असा पिळलेला द्रवस्फटिक गोठवून, त्याचे पापुद्रे करून शाईत मिसळता येतात. दुसरा मार्ग धातूच्या अतिपातळ थरांच्या पापुद्र्यांचा. जगभरच्या सुरक्षा शाईत हे दोन्ही मार्ग वापरात आहेत. यंत्राने नक्कल काढली की रंग एकच उमटतो, म्हणून त्यांची किंमत.

भारताने अशी रंग बदलणारी शाई नोव्हेंबर २००० मध्ये पाचशे आणि हजाराच्या नोटांवर आणली. नोट सपाट धरली तर अंक हिरवा, तिरकी केली तर निळा. या शाईतले कण काजळीसारखे बारीक नसतात, रुंद चकत्या असतात, म्हणून थर जाड लागतो. शिवाय प्रत्येक चकती कागदावर आडवी, पाठ टेकून पडली पाहिजे. उभ्या राहिलेल्या चकत्या रंग बदलत नाहीत, नुसत्या मळकट दिसतात. शाई फार घट्ट तर चकत्या वाकड्याच अडकतात, फार पातळ तर अंकाच्या कडा पसरतात. त्यांना आडवे व्हायला जो अवधी मिळतो तो छाप पडल्यापासून शाई वाळेपर्यंतचा.